सब्बल धरणारी रुखमा

रुखमाच्या डाव्या हाताची करंगळी वाकडी होती, आणि त्याचा तिला अभिमान होता. लग्न होऊन वर्षही झालं नव्हतं तेव्हा नवऱ्याचा, श्रावणचा घन सब्बलीवरून घसरून त्या बोटावर आला होता. खदानीतल्या बाया हळहळल्या. रुखमानं हळद बांधली आणि बोटाची सूज उतरायच्या आत पुन्हा सब्बल धरायला बसली. त्यानंतर घन कधी घसरला नाही. कामावर नवी बाई आली की रुखमा तिला ते बोट दाखवायची आणि म्हणायची, "यायनं एकदाच चुकवलं. मंग कधी नाई."

श्रावण मूल गावाकडचा, रुखमाचं माहेर सिंदेवाहीजवळचं. दोन्ही घरांत शेत नव्हतं, त्यामुळं लग्नानंतर दोघं दगडाच्या कामावर लागले ते लागलेच. सुरुंगासाठी खडकाला भोक पाडायचं त्यांचं काम. रुखमा उकिडवी बसून लोखंडी सब्बल दोन्ही हातांनी उभी धरायची आणि श्रावण वरून घन घालायचा. दर घावानंतर ती सब्बल थोडीशी फिरवायची, म्हणजे भोक गोल पडायचं. मधूनच त्यात पाणी ओतायचं, दगडाचा चिखल बाहेर काढायचा, की पुन्हा घाव. बोलायचं काही कामच नसे. श्रावणनं श्वास आत घेतला की तिचा हात आपोआप फिरायचा. दिवसभर असा माणसाच्या घनाखाली हात ठेवून बसायला काळीज लागतं, आणि दिवसभर बायकोच्या हातावर घन उचलायलाही लागतं. गावात नवरा-बायको एकमेकांशी जेवढं बोलत असतील, त्याहून जास्त या दोघांचं त्या सब्बलीवर बोलून झालं होतं असं रुखमाला वाटायचं. एकदा ती बाळंतपणाला माहेरी गेली तेव्हा मुकादमानं श्रावणला दुसरा माणूस जोडीला दिला. श्रावणनं तेवढे दिवस घनच उचलला नाही, गिट्टी फोडत बसला. रुखमाला ते कळलं तेव्हा ती कितीतरी दिवस मनातल्या मनात हसत होती.

आलापल्लीच्या पुढं भामरागडच्या रस्त्याचं काम निघालं तेव्हा त्यांचा ठेकेदार सगळी टोळी घेऊन तिकडं गेला. ऐंशी साल उलटून तीन-चार वर्षं झाली होती. पोराला आजीजवळ ठेवून दोघं दिवाळीनंतर निघाले. पेरमिलीच्या अलीकडं एका टेकडीची कड कापून रस्ता काढायचा होता. पावसाळ्यात नदी-नाले भरले की तिकडची वाट बंद व्हायची, म्हणून पावसाआधी काम उरकायची घाई होती. बांबूच्या ताट्यांच्या झोपड्या उभ्या राहिल्या, घनांचे आवाज सुरू झाले, आणि महिनाभरातच ठेकेदाराच्या लक्षात आलं की या खडकापुढं घन-सब्बल पुरी पडणार नाही.

मग एका ट्रकच्या मागं ओढत हवेची मशीन आली. हिरव्या रंगाचा मोठा कंप्रेसर, त्याला जोडायचे जाड रबरी पाइप आणि एक जॅकहॅमर. कंप्रेसर हवा दाबून पाइपात सोडायचा आणि त्या हवेच्या जोरावर जॅकहॅमरचा रॉड खडकात घुसायचा. ज्याला दोघांना अख्खा दिवस लागायचा तेवढं काम ती मशीन दुपारच्या भाकरीआधी करून मोकळी व्हायची. सगळी टोळी काम सोडून पाहायला जमली. रुखमाही गेली. तिला त्या मशीनचं कौतुक वाटलं, कारण मशीन श्रावण चालवणार आणि जोडीला आपण असणार, यात तिला शंकाच नव्हती.

मशीनबरोबर इतवारी आला होता. राजुऱ्याकडचा गोंड माणूस, चाळिशी ओलांडलेला, अंगानं वाळका. त्यानं आधी बरीच वर्षं कोळशाच्या खाणीत हवेच्या मशीनवर काढली होती. त्यात त्याचा डावा कान गेला होता. मुकादम भैयाजी यानं खांदे बघून श्रावणला मशीन धरायला निवडलं आणि इतवारीला त्याच्या जोडीला दिलं. पाइप जोडणं, कंप्रेसरजवळचा हवेचा कॉक उघडणं-बंद करणं, रॉड बदलणं, हे जोडीदाराचं काम. रुखमा पुढं होऊन म्हणाली की त्यांची जोडी तर आपणच आहोत. भैयाजी हसला. हे बायांचं काम नव्हे, तू गिट्टी फोड, असं त्यानं सांगितलं. रुखमानं श्रावणकडं पाहिलं. श्रावण मशीनच्या मुठीवर हात फिरवत होता. त्यानं मान डोलावली.

संध्याकाळी चुलीपुढं बसल्यावर तो म्हणाला, "बरं झालं. तुह्या हातावर आता घन नाई."

इतकी वर्षं तो घन उचलताना मनातून किती भ्यायला असेल, हे त्या वाक्यात होतं. पण रुखमाला ते ऐकूच आलं नाही. तिला एवढंच ऐकू आलं की आता आपली गरज नाही.

गिट्टीचा ढीग नेमका टेकडीच्या कापासमोर होता. बाया तिथं बसून दगड फोडायच्या. रुखमाचा हातोडा दगडावर पडायचा आणि डोळे समोर. सकाळी काम सुरू व्हायच्या आधी इतवारी श्रावणच्या कानात काटेसावरीचा कापूस घालायचा. ओलं फडकं त्याच्या नाकातोंडावर बांधायचा, गाठ मागून स्वतः घट्ट करायचा. ठेकेदारानं एकच चष्मा दिला होता, ओरखडे पडलेला. तो धोतराच्या सोग्यानं पुसून श्रावणच्या डोळ्यांवर चढवायचा. मग मशीन सुरू झाली की त्या आवाजात कुणाचं बोलणं कुणाला ऐकू यायचं नाही. इतवारीला तसंही कमीच ऐकू यायचं. म्हणून तो दिवसभर श्रावणच्या तोंडाकडं आणि हातांकडं टक लावून उभा असायचा. श्रावणनं तळवा वर केला की हवा बंद. मूठ केली की हवा सुरू. कधी श्रावण नुसती भुवई उडवायचा आणि इतवारी कॉककडं निघालेला असायचा.

रुखमाला ते पाहवेना. इतक्या वर्षांत तिनं श्रावणच्या तोंडाकडं असं कधी पाहिलं नव्हतं. तिची नजर सदा सब्बलीच्या टोकावर असायची. आणि हा माणूस, काल आलेला, तिच्या नवऱ्याचा चेहरा दिवसभर वाचत उभा होता.

शेजारी गिट्टी फोडणारी शकुबाई तोंडानं फटकळ होती. ती एकदा म्हणाली, "रुखमा, तुह्या नवऱ्यानं दुसरी बायको केली वाट्टे. मिशावाली." सगळ्या बाया हसल्या. रुखमाही हसली. पण त्या दिवशी तिनं दगडाचा इतका भुगा केला की भैयाजी ओरडला, अशी माती काय करून राह्यली म्हणून.

घरी आल्यावर तरी श्रावण तिचा असावा, तर तेही नाही. जेवताना त्याच्या तोंडी एकच नाव. इतवारी म्हणते का पाइप जोडाच्या आधी त्यातून जराशी हवा सोडाची, म्हणजे आतला खडा उडून जाते. इतवारी म्हणते का हवेनं कपडे झटकाचे नाई, त्याच्यासमोर एका माणसाचा डोळा गेला. इतवारी म्हणते, इतवारी म्हणते. रुखमा जोरजोरात भाकर थापायची. मशीन धरून श्रावणच्या बोटांना मुंग्या यायला लागल्या होत्या, सकाळी बोटं पांढरी पडायची. रुखमानं शेकायला पाणी तापवलं तर तो म्हणाला की राहू दे, इतवारीनं मोहाच्या बियांचं तेल आणून दिलं आहे. तिनं ते तापलेलं पाणी झोपडीबाहेर नेऊन ओतून दिलं.

हेवा हा असा असतो की ज्याचा हेवा वाटतो त्याच्या बारीकसारीक हालचाली माणसाला पाठ होतात. रुखमाला इतवारीचा दिवस पाठ झाला. तो सकाळी कंप्रेसरच्या टाकीखालचा नळ उघडून साचलेलं पाणी सोडत बसतो. मग पाइपाच्या प्रत्येक जोडावर बांधलेली तार हातानं ओढून बघतो, ढिली असली तर सोडून पुन्हा बांधतो. मशीनला तेल पाजायचं झालं, म्हणजे पाइप काढून त्यात तेल सोडायचं झालं, की आधी पार खाली कंप्रेसरपाशी चालत जातो, कॉक बंद करतो, वर येतो, मशीनची मूठ दाबून पाइपातली उरलेली हवा सुस्कारा टाकून जाऊ देतो आणि मगच पाइप सोडतो. दिवसातून असं किती वेळा. आणि जुन्या भोकाजवळ तर तो श्रावणला मशीन टेकवूच देत नाही. आधीच्या सुरुंगाची दारू आत राहिली असेल म्हणतो, हातभर लांब नवं भोक घे म्हणतो.

हे सगळं वेळ खाणारं होतं, आणि भैयाजीला वेळाचीच चणचण होती. मार्च लागला होता. एका दुपारी भैयाजी ढिगापाशी पाणी प्यायला थांबला तेव्हा रुखमानं हातोडा खाली ठेवला. तिनं खोटं काहीच सांगितलं नाही. मशीन निम्मा दिवस बंद का असते ते तिनं सांगितलं. तो पाणी काढत बसते, तारा बांधत बसते, उगाच वरखाली फिरते. डिझेल जळून राह्यलं आणि भोकं काही होऊन नाई राह्यली. दुसरा माणूस असता तर दुप्पट काम झालं असतं. "मले काय," ती शेवटी म्हणाली, "दिसलं ते सांगितलं."

दुसऱ्या दिवशी भैयाजीनं इतवारीला मशीनवरून काढलं. त्याच्या जागी बिरजू आला, ट्रकवर क्लीनरचं काम केलेला, हातापायानं चपळ, तोंडानं गाणं म्हणत काम करणारा. रुखमाला वाटलं होतं, इतवारीला दुसऱ्या कामावर कुठंतरी लांब पाठवतील. भैयाजीनं त्याला हातोडा दिला आणि गिट्टीच्या ढिगावर आणून बसवलं. रुखमाच्या शेजारी.

तो जोहार करून बसला आणि दगड फोडायला लागला. काही विचारलं नाही, काही बोलला नाही. रुखमा पाठ थोडी वळवून बसली.

तिला वाटलं होतं, आता श्रावण घरी येईल तो तिचा होऊन. झालं उलटंच. श्रावण भाकर खाऊन उठायचा आणि इतवारीच्या झोपडीपुढं जाऊन बसायचा. दोघं फार बोलायचेही नाहीत. विडी ओढत समोरच्या जंगलाकडं पाहत बसायचे. रुखमा भांडी घासताना तिकडं बघायची आणि राख घेऊन ताटली इतकी घासायची की हात लाल व्हायचे. मशीनवर असताना निदान कामासाठी तरी जोडी होती. आता तर काम नसतानाही त्याला त्या माणसाजवळ बसावंसं वाटत होतं. माझ्याजवळ असं नुसतं कधी बसला होता, हे ती आठवून पाहायची, आणि आठवायचं ते सगळं कामावरचंच असायचं.

एका संध्याकाळी तिनं विचारलंच, की तिथं असं काय हाय. श्रावणनं विडी जमिनीवर दाबून विझवली. मग म्हणाला, "त्याच्या हाती कॉक असला का मले मागं पाहा लागे नाई. आता दर घडीले मागं पाहतो."

रुखमाला राग आला. त्या वाक्यात नवऱ्याची भीती आहे हे तिच्या डोक्यात शिरलं नाही. मागं पाहायला लागू नये असं माणूस तर आपण होतो, हेच तिच्या डोक्यात घोळत राहिलं.

बिरजू कामाला झपाट्याचा होता हे खरं. टाकीतलं पाणी त्यानं पहिल्या दिवसापासून काढलं नाही. तारांना हात लावला नाही. तेल पाजायच्या वेळी कंप्रेसरपर्यंत जाऊन यायचा त्याला कंटाळा. तो पाइप हातानं दुमडायचा, दुमडलेला भाग पायाखाली दाबायचा आणि तेवढ्यात पुढचा जोड सोडून तेल घालायचा. भोकं वाढली. भैयाजी खूश झाला. इतवारी ढिगावरून ते पाहायचा आणि त्याचा हातोडा मधेच थांबायचा. दोनदा तो उठून भैयाजीकडं गेला, पाइप दुमडू देऊ नका असं सांगून आला. भैयाजीनं त्याला हात हलवून परत पाठवलं. रुखमाला वाटलं, हा आता बिरजूवर जळतो आहे. दुसऱ्याची जळफळ तिला लगेच ओळखू यायची.

एका दुपारी उन्हं तापली होती. रबर गरम होऊन मऊ पडलं होतं आणि बिरजूचा पाय घामानं निसरडा झाला होता. श्रावण मशीन आडवी ठेवून तिच्याजवळ वाकला होता, बिरजूनं पाइप दुमडून पायाखाली घेतला होता आणि जोड सोडला होता. रुखमानं पाहिलं ते एवढंच, की बिरजूचा पाय सरकला आणि पाइप उठला. जमिनीवरून साप उसळावा तसा तो मोकळा पाइप उसळला आणि त्याच्या टोकाचं लोखंडी कपलिंग श्रावणच्या खांद्यावर आणि जबड्यावर बसलं. श्रावण पडला. पाइप थांबला नाही. आतली हवा त्याला इकडून तिकडं आपटत होती, दगडांवर ठिणग्या उडत होत्या, बिरजू डोकं धरून पळत सुटला होता.

रुखमा धावली. तिच्या मागून इतवारीचा आवाज आला, "बाई, जाऊ नोका. हवा चालू हाय."

ती वळून पाहते तर तो उलट्या दिशेनं पळत होता. श्रावण इकडं पडलेला आणि हा तिकडं उतारावरून खाली. तिच्या मनात आलं, बघा, वेळ आली तर पळाला. अशा वेळीही तिच्या मनाला तेच सुचलं. मग कंप्रेसरपाशी पोचून त्यानं कॉक फिरवला, आणि वर तो पाइप एकदम जीव गेल्यासारखा दगडावर पडला. तेव्हा तिला कळलं.

श्रावणला ट्रकमध्ये घालून आलापल्लीच्या दवाखान्यात नेलं. गळपट्टीचं हाड मोडलं होतं, पुढचे दात गेले होते, जबडा सुजून बंद झाला होता. जिवावरचं टळलं. पट्टे बांधून त्याला परत आणलं आणि झोपडीत निजवलं. रुखमा त्याला पेज पाजायची. तो बोलू शकत नव्हता, आणि तिला वाटायचं, बरं आहे बोलू शकत नाही. बोलायला लागला तर काय विचारेल.

पण ती गप्प राहू शकणारी बाई नव्हती. तिसऱ्या-चौथ्या दिवशी पेजेची वाटी खाली ठेवून तिनं सगळं सांगून टाकलं, इतवारीला आपणच काढायला लावलं ते. का, तेही सांगितलं. श्रावणनं डोळे मिटून घेतले. मग धड राहिलेला हात पुढं करून तिचं मनगट धरलं. ते रागानं की मायेनं, ते तिला तेव्हा कळलं नाही आणि पुढंही तिनं कधी विचारलं नाही.

इकडं मशीन बंद पडून होती. बिरजू त्याच रात्री आलापल्लीच्या गाडीनं निघून गेला होता. भैयाजी इतवारीकडं आला. आता तूच मशीन धर, म्हणाला. इतवारीनं धरतो म्हटलं, पण कॉकवर ऐकणारा माणूस द्या म्हणाला. टोळीतला कुणी पुढं होईना. सगळ्यांनी तो पाइप उसळताना पाहिला होता.

"मी राहतो," रुखमा म्हणाली.

या वेळी भैयाजी हसला नाही. त्यानं इतवारीकडं पाहिलं. इतवारी रुखमाला घेऊन कंप्रेसरपाशी गेला. टाकीखालच्या नळाजवळ खाली बसला आणि तिलाही बसायला सांगितलं. मग म्हणाला, "तुमीच तं म्हटलं होतं ना बाई, का मी पाणी काढत बसतो म्हून. आता काऊन काढतो ते पाहा."

रुखमाच्या कानशिलात रक्त चढलं. म्हणजे याला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. शेजारी बसून महिनाभर दगड फोडले आणि एक शब्द बोलला नाही. तिला माफी मागायची होती, पण तोंडातून निघालं भलतंच. "माहीत होतं तं बोलले काऊन नाई?"

"का बोलू?" तो म्हणाला. "तुमी श्रावणसाठी जळता, तसं माह्यासाठी बी कधी कोनी जळलं असतं, तं बरं वाटलं असतं." त्याची बायको लवकर वारली होती, हे रुखमाला पुढं कळलं.

त्यानं तिला शिकवलं. टाकीतलं पाणी पाइपात गेलं की मशीन अडते. कॉक एकदम उघडायचा नाही, हळूहळू उघडायचा. जोडाची तार सुटली तर पाइप सुटतो, म्हणून दर सकाळी आणि जेवणानंतर तार ओढून बघायची. पाइप पसरताना त्यावरून ट्रक जाऊ द्यायचा नाही. आणि पाइप कधीही दुमडायचा नाही, कितीही घाई असली, कोणीही सांगितलं तरी. तिला हे सगळं डोळ्यांनी आधीच पाठ होतं. हेव्यानं पाठ करवून घेतलं होतं. आता फक्त हातात यायचं होतं. तरीही पहिल्या दिवशी कॉक फिरवताना ती दोनदा थांबली, आणि पाइप फुगून जमिनीवर जरासा हलला तेव्हा दोन पावलं मागं सरली.

त्या जागी उभं राहिल्यावर तिला आणखी एक गोष्ट कळली. माणसाच्या तोंडाकडं दिवसभर बघत राहणं ही काही चैन नव्हती. डोळे दुखायचे, धुळीनं पाणी यायचं, आणि क्षणभर नजर काढली तरी जीव वरखाली व्हायचा. मशीनच्या मागं इतवारी होता, ज्याचा तिनं इतका दुस्वास केला तो, आणि त्याच्या भुवईवर तिचं सगळं लक्ष. कधी कधी तिच्या मनात यायचं, श्रावणची अशी भुवई आपल्याआधी यानं पाहिली. तेवढ्यानंही आत कुठंतरी चिमटा बसायचा. माणूस चांगला निघाला म्हणून हेवा जातो असं थोडंच आहे.

श्रावण उठून बसायला लागला तेव्हा तो हात गळ्यात बांधून मोहाच्या झाडाखाली येऊन बसायचा. बसून काम बघायचा. पहिले दोन दिवस खुशीत होता. मग त्याला जेवणात मीठ कमी वाटायला लागलं. मग भाकर जाड वाटायला लागली. एका संध्याकाळी बोळक्या तोंडानं त्यानं विचारलं, "आज तुमी दोघं हासून कायले राह्यले होते?"

इतवारीच्या टोपीवर सरडा चढला होता म्हणून हसलो, असं रुखमानं सांगितलं. श्रावणनं हूं केलं आणि भिंतीकडं तोंड करून निजला. रुखमा त्याच्या पाठीकडं पाहत राहिली. तो आवाज तिच्या चांगल्या ओळखीचा होता. तिनं त्याची समजूत घालायला हवी होती. पण खरं सांगायचं तर तिला मनातून बरं वाटलं, इतकं बरं वाटलं की तिनं त्याला तसंच दोन दिवस राहू दिलं. मग ती स्वतःच इतवारीला जेवायला बोलावून आली, आणि तिघं एका चुलीपुढं बसले.

पाऊस पडायच्या आत टेकडी कापून झाली. श्रावणचं हाड जुळलं पण वाकडं जुळलं. दिवसभर मशीन पेलणं त्याला पुन्हा कधी जमलं नाही. पुढच्या हंगामात सकाळी इतवारी मशीन धरायचा आणि दुपारनंतर श्रावण, आणि कॉकवर दोन्ही वेळा रुखमा. भैयाजीनं दुसऱ्या बाईलाही पाइपावर लावलं, शकुबाईला. तिला शिकवताना रुखमानं तिचा असा जीव घेतला की शकुबाई म्हणाली, यापेक्षा गिट्टी बरी होती.

मग इतवारी सिरोंचाकडं एका पुलाच्या कामावर गेला. श्रावण-रुखमा मूलकडं परतले. तोवर गावागावांत ट्रॅक्टरवर बसवलेले कंप्रेसर फिरायला लागले होते, विहिरींचा खडक फोडायला. दोघं अशाच एका ट्रॅक्टरवाल्याबरोबर राहिले. विहिरीत श्रावण आणि दुसरा एक गडी मशीन धरायचे. काठावर कॉकपाशी रुखमा. विहीरमालक विचारायचे, ही बाई इथं कशाला. श्रावण म्हणायचा, हे असल तवाच मी खाली उतरतो. रुखमानं हवा बंद करेपर्यंत कुणाची पाइपाला हात लावायची टाप नव्हती. विहिरीतून वर आलेला गडी हवेनं कपडे झटकायला लागला तर ती त्याचा बाप काढायची.

पाच-सहा वर्षांनी, कापूस वेचायच्या दिवसांत, इतवारी त्यांच्या गावी आला. सिरोंचाहून घरी जाता जाता वाट वाकडी करून आला होता. दुसराही कान आता नीट ऐकत नव्हता. श्रावणला कोण आनंद झाला. दोघं अंगणात खाटेवर बसले ते बसलेच. श्रावण हातवारे करत होता, इतवारी त्याच्या तोंडाकडं पाहत मान हलवत होता, मधूनच दोघं कशावर तरी हसत होते. रुखमानं आत वांग्याची भाजी फोडणीला घातली. चुलीपुढून तिला ते दोघं दिसत होते. जुनीच कळ छातीत आली. इतक्या वर्षांनी, डोक्यात पांढरे केस आले तरी.

तिनं भाजी उतरवून खाली ठेवली, हात पुसले आणि अंगणात आली. खाटेवर दोघांच्या मधे जराशी जागा होती.

"सरका तिकडं," ती श्रावणला म्हणाली, आणि मधे बसली.